आइस हॉकीच्या लांबलचक हंगामात किशोर खेळाडूला विश्रांती कशी द्यावी

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी लीगचा साखळी हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. 2025-26 पर्यंत प्रत्येक संघाच्या वाट्याला 82 सामने येत, 2026-27 पासून ते 84 ठरले आहेत. पहिल्याच वर्षी या लीगमध्ये आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एवढ्या सामन्यांची सवय नसते. स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये संघाचे 52 सामने होतात, तर अमेरिकेतील कॉलेज हॉकीत चाळीसच्या आसपास, तेही बहुतेक आठवड्याच्या शेवटी. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून आलेला मुलगा 68 सामन्यांना सरावलेला असला, तरी तेथे त्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर दाबणारे त्याच्याच वयाचे होते. येथे तिशीतले, पूर्ण भरलेल्या अंगाचे बचावपटू समोर असतात.

म्हणून विश्रांतीचा विचार खेळाडू थकल्यावर नव्हे, तर वेळापत्रक हाती येताच करावा. लिओ कार्लसन 2023 मध्ये अठराव्या वर्षी एनएचएलमधील अनाहाइम डक्स या संघात आला, तेव्हा त्याला काही सामन्यांतून जाणीवपूर्वक बाहेर ठेवून ते दिवस अंगातली ताकद वाढवण्यासाठी वापरण्याचा आराखडा क्लबने उघडपणे मांडला होता. पदार्पणातच गोल करणारा हा खेळाडू त्या हंगामात 55 सामने खेळला आणि त्याने 29 गुण (गोल आणि गोलला दिलेले साहाय्य मिळून) मिळवले. मधले बरेच सामने दुखापतींमुळेही हुकले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विश्रांतीने गुडघ्यावर आदळणारा खेळाडू अडवता येत नाही. थकव्यामुळे होणारे नुकसान मात्र कमी करता येते.

कोणता सामना सोडायचा, हा खरा प्रश्न. लागोपाठ दोन रात्री सामने असतील, तर दुसरा सोडावा, असे सर्वांनाच सुचते आणि प्रवास लांबचा असेल तेव्हा ते योग्यही असते. परंतु दोन्ही बाजूंना मोकळे दिवस असलेला सामना सोडण्यात मला अधिक लाभ दिसतो. समजा, सामने शनिवारी, मंगळवारी आणि गुरुवारी आहेत. मंगळवारचा सोडला, तर रविवार ते बुधवार असे सलग चार दिवस हाती लागतात. रविवारी पूर्ण सुटी द्यावी. स्केट पायात चढवूच नयेत. सोमवारी व्यायामशाळेत पायांचे जड वजन घ्यावे, कारण एक दिवसाआड सामने असताना पाय जड होण्याच्या भीतीने नेमका हाच व्यायाम महिनोन्महिने टळत जातो आणि जानेवारीपर्यंत मुलगा हंगामापूर्वीच्या शिबिरात आला त्याहून हलका झालेला असतो. मंगळवारी सकाळी कौशल्य-प्रशिक्षकासोबत थोडा वेळ बर्फावर काढावा आणि संध्याकाळी सामना प्रेक्षागाराच्या वरच्या भागातून, एखाद्या सहायक प्रशिक्षकाशेजारी बसून पाहावा. तेथे त्याला एकच काम द्यावे: प्रतिस्पर्ध्यांच्या अनुभवी सेंटरकडे (मधल्या आक्रमकाकडे) पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, नसताना तो कोठे उभा राहतो, तेवढेच टिपायचे. बुधवारी त्याने संघासोबत नेहमीचा सराव करावा.

विश्रांतीच्या नावाखाली राखीव खेळाडूंसोबत सकाळी दमछाक करणारे स्केटिंग करायला लावले, तर ती विश्रांती राहत नाही. आश्चर्य म्हणजे ही चूक चांगल्या संघांतही होते, कारण न खेळणाऱ्याला बर्फावर जास्त वेळ ठेवण्याची रीत जुनी आहे.

आराखडा तारखांना बांधलेला असला, तरी तो हलवण्याची तयारी ठेवावी आणि त्यासाठी रोज काही खुणा पाहाव्यात. साधारण 45 सेकंदांची शिफ्ट (एका वेळी बर्फावर राहण्याचा अवधी) मिनिटाकडे सरकू लागली, तर तो जोशात आहे असे समजू नये. बदलीसाठी बाकापर्यंत परतण्याचा जोर पायांत उरलेला नसण्याची शक्यता अधिक असते. दमलेल्या मुलाचे गुडघे स्केटिंग करताना कमी वाकतात, तो अंग ताठ ठेवून सरकतो आणि पक हिसकावताना पाय हलवण्याऐवजी काठी लांबवतो. याच उशिरा लांबवलेल्या काठीमुळे प्रतिस्पर्ध्याच्या पायात काठी अडकवून त्याला पाडल्याचा दंड होतो. सकाळचे वजन आणि झोपेचे तास लिहून ठेवावेत. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. सामन्यानंतरच्या विमानाने मध्यरात्रीनंतर हॉटेल गाठणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचा हलका सराव त्याला निःसंकोच माफ करावा.

खेळाडूला हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाने स्वतः, निदान काही दिवस आधी सांगावा. दुखापत नसताना संघाबाहेर बसणाऱ्यास हॉकीत ‘हेल्दी स्क्रॅच’ म्हणतात आणि हा शब्द शिक्षेसारखाच ऐकू येतो. सामन्याच्या सकाळी फळ्यावर आपले नाव नाही हे पाहून कळले, तर अठरा वर्षांचा मुलगा चार दिवस व्यायामापेक्षा स्वतःच्या चुका उगाळण्यातच घालवील. पत्रकारांनाही तेच कारण त्याच दिवशी सांगावे. एजंटशी बोलणे तर अगत्याचे आहे, कारण प्रवेश-करारातील (नव्या खेळाडूच्या पहिल्या करारातील) बोनस 20 गोल, 35 असिस्ट (गोलला साहाय्य) किंवा 60 गुण अशा आकड्यांशी जोडलेले असू शकतात आणि सोडलेला प्रत्येक सामना त्या आकड्यांतून वजा होतो.

करारातील आणखी दोन संख्या व्यवस्थापनाने वेगळ्या ठेवाव्यात. प्रवेश-करारावरील 18 किंवा 19 वर्षांचा खेळाडू 10 सामने खेळण्याआधी परत पाठवला गेला, तर ते वर्ष करारात मोजले जात नाही आणि करार एक वर्ष पुढे सरकतो. पुढे मुक्त खेळाडू, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्यास मोकळा, होण्यासाठी मात्र एखादे वर्ष धरले जाते ते तो 40 सामने संघाच्या सक्रिय यादीत असला तर, आणि त्यात न खेळता बाहेर बसलेले सामनेही येतात. म्हणजे विश्रांती देऊन येथे काहीही वाचत नाही. कराराचा हिशेब विश्रांतीच्या आड लपवला, तर खेळाडूला तो कळतोच आणि पुढच्या वेळी खरी विश्रांतीही त्याला संशयास्पद वाटते.

26 डिसेंबर ते 5 जानेवारी या काळात होणाऱ्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेसाठी मुलाला सोडणे हा एक पर्याय असतो. शेन राइट या तरुण खेळाडूला 2022-23 मध्ये सिएटल या एनएचएल संघाने आधी एएचएलमध्ये (एनएचएलखालोखालच्या लीगमध्ये) छोट्या मुदतीवर आणि नंतर या स्पर्धेत पाठवले, कारण सिएटलकडून त्याला बर्फावर पुरेसा वेळ मिळत नव्हता. अशा ठिकाणी भरपूर खेळायला मिळते, आत्मविश्वास परततो. पण दहा-अकरा दिवसांत सहा-सात सामने म्हणजे विश्रांती नव्हे. परत आल्यावर त्याला तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत.

विश्रांतीनंतरचा पहिला सामना घरच्या मैदानावरचा असावा, कारण तेथे खेळ थांबल्यावर बर्फावरचे खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क यजमान प्रशिक्षकाच्या हाती असतो आणि मुलासमोर प्रतिस्पर्ध्यांचे कोणते खेळाडू येतील हे तोच ठरवू शकतो. मार्चमध्ये संघ प्ले-ऑफच्या उंबरठ्यावर असताना वेळापत्रकातील उरलेल्या मोकळ्या तारखा सर्वांनाच खुपू लागतात. त्या तारखा खोडण्याचा अधिकार जनरल मॅनेजरचा, मुख्य प्रशिक्षकाचा की वैद्यकीय पथकाचा, हे ऑक्टोबरातच लिहून ठेवावे.