बडोद्यातून ऑनलाइन एमएफए: साठ फोटोंतून वीस कसे निवडावेत

कॅमेरा कोणता घ्यावा, हे इथे सापडणार नाही. फाइन आर्ट फोटोग्राफीच्या परदेशी ऑनलाइन पदव्युत्तर पदवीच्या अर्जापर्यंत आलेल्या माणसाकडे कॅमेरा असतो आणि रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, दोन ठिकाणी जपायची सवयही असते.

अमेरिकेतलं एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) साधारण ६० क्रेडिटचं असतं, ब्रिटनमधलं एमए १८० चं. ही दोन वेगळी मापं आहेत. १८० म्हणजे तिप्पट अभ्यास नव्हे. पुढे भारतात कॉलेजात शिकवायचा विचार असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळते का, हे फी भरण्याआधीच तपासा. ‘सगळीकडे चालते’ म्हणणाऱ्या सल्लागाराकडून ते लेखी मागा आणि त्याचा चेहरा बघा.

वर्गाच्या वेळा कागदावर मांडा. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी ७ चा वर्ग बडोद्यात पहाटे ४:३० ला सुरू होतो आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की ५:३० ला. सॅन फ्रान्सिस्कोचा तोच वर्ग सकाळी ७:३० किंवा ८:३० चा. ‘रेकॉर्डिंग बघू’ हे व्याख्यानाला चालतं. क्रिटिकला, म्हणजे सगळ्यांसमोर फोटोंवर चर्चा होते त्या वर्गाला, तुम्ही हजरच हवेत.

आता खरी अडचण: निवड. अर्जाला १५ ते २० फोटो लागतात, पुढे प्रत्येक सत्रात हेच करायचं असतं, आणि बहुतेक जण ते स्क्रीनवर तारे देत देत करतात. तसं करू नका. स्क्रीनवर प्रत्येक फोटो एकटा दिसतो, उजळ दिसतो आणि आपलाच असल्यामुळे बरा दिसतो.

साठ फोटो ४ बाय ६ इंचात साध्या लॅबमधून काढून आणा. मॅट कागद, कडा न सोडता. मागे पेन्सिलीने क्रमांक टाका. पंखा बंद करून जमिनीवर पसरा आणि चार-पाच दिवस तसेच राहू द्या. घरचे कुरकुरतील, पण जाता-येता तिरप्या नजरेने जे दिसतं, ते समोर बसून दिसत नाही.

समजा विषय आहे दांडिया बाजारातल्या मराठी घरांची स्वयंपाकघरं. साठांत चौदा देव्हारे निघतील. ठेवायचा एकच. सर्वांत सुबक असेल तोच ठेवायचा असंही नाही. ज्यातून घर कळतं, तो ठेवा: समईमागे मिक्सरची वायर गेलेली असेल, तर तो. मग दोन प्रकारचे फोटो बिनदिक्कत बाजूला काढा: ज्याला खूप लाइक मिळाले तो, आणि जो काढायला खूप कष्ट पडले तो. पहाटे चारला गच्चीवर चढलात, हे फोटोत दिसत नाही.

लक्ष्मी विलास पॅलेस आणि मांडवी दरवाजा ही बडोद्याची नेहमीची दृश्यंही बाहेर. परदेशी शिक्षक पहिल्या आठवड्यात ‘वा’ म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘यात तुम्ही कुठे आहात?’ असं विचारतात. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांचंही तेच: चित्राचा नुसता फोटो म्हणजे त्या चित्रकाराचं काम. इथे बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचे फोटो जरूर बघा. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने त्यांचा संग्रह ऑनलाइन ठेवला आहे. गावांतल्या भिंतींवरची चित्रं त्यांनी टिपली, पण अनेक फोटोंत चित्राबरोबर बाई, दार, अंगणही येतं, म्हणून ते फोटो नुसत्या नकला राहत नाहीत.

वीस उरले की क्रम. नवशिके सारखे फोटो शेजारी ठेवतात. एका फोटोत खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्याखाली गुजराती पंचांग. दुसऱ्यात फडताळातले डबे, जुन्यांवर आजीच्या अक्षरात मराठी, नव्यांवर सुनेच्या अक्षरात गुजराती. हे दोन लागोपाठ लावले तर एकच वाक्य दोनदा म्हटल्यासारखं होतं. मध्ये सहा-सात फोटो जाऊ द्या. डबे आले की बघणाऱ्याला ते पंचांग आपोआप आठवेल. ऑनलाइन बघणाऱ्यासमोर एका वेळी एकच फोटो असतो, त्यामुळे सगळा क्रम आठवणीवर चालतो. दूरच्यानंतर जवळचा, अंधारानंतर उजेड, एवढं भान पुरतं. रोज रात्री मोबाइलवर मांडणीचा वरून फोटो काढा. चौथ्या दिवशी पहिल्या दिवसाचा क्रम हवासा वाटतो आणि तो कुणालाच आठवत नाही.

फाइली: लांब बाजू २००० पिक्सेल, एसआरजीबी (वेबवर चालणारी रंगपद्धत), जेपेग. अडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीतली फाइल प्रोफाइलशिवाय, म्हणजे रंगपद्धत सांगणाऱ्या नोंदीशिवाय, चढवली, तर तिकडचा ब्राउझर तिला एसआरजीबी समजतो आणि कुंकवाचा लाल विटकरी होतो. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल ‘कन्व्हर्ट’ करायचं. ‘असाइन’ने रंग न बदलता नुसती नोंद बदलते; ते केलंत तर नेमका हाच घोटाळा स्वतःच्या हाताने कराल. मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग मोजून नीट जुळवा, आणि पडद्याचा प्रकाश १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या (उजेडाचं माप) आसपास ठेवा. पूर्ण उजेडावर काम केलं की फोटो नकळत गडद केले जातात.

स्टेटमेंट, म्हणजे स्वतःच्या कामाबद्दलचं टिपण, दीडशे-दोनशे शब्दांचं. आधी मराठीत लिहा, मग इंग्रजीत. ‘अस्मिता’ आणि ‘स्मृती’ हे शब्द खोडून उरतं ते ठेवा. काहीच उरलं नाही तर पुन्हा जमिनीवरच्या फोटोंकडे जा.

क्रिटिकमध्ये स्वतःच्या फोटोंचं समर्थन करू नका, टिपणं घ्या. तोंड उघडायचंच असेल तर एक नेमका प्रश्न विचारा: ‘नववा फोटो काढला तर काय बिघडेल?’

बाद झालेले चाळीस प्रिंट क्रमांकासह पाकिटात ठेवा. पुढच्या सत्रात विषय सरकला की त्यातले दोन-तीन परत लागतात.