कोपरखैरण्यात नवीन आलात? तळपायही बघत जा

पाटण तालुक्यातून येऊन मला कोपरखैरण्यात २६ वर्षं झाली. गावाकडून येणाऱ्या पोरांना खोली, डिपॉझिट, हमालांच्या टोळीतलं काम हे समजावणारे भरपूर आहेत. मी तळपायाचं सांगतो.

माझ्या चुलतभावाच्या डाव्या टाचेवर काळा डाग आला. कांदा-बटाटा मार्केटात दिवसभर पाठीवर गोणी आणि पायात झिजलेली चप्पल, त्यामुळे कुरूपच असणार असं सगळ्यांनी धरलं. जवळच्या एका दवाखान्यातही कुरपाची पट्टीच दिली. पट्टी लावायची, ब्लेडने कातडी खरवडायची, असे आठ महिने गेले. डाग पसरत राहिला, एका कडेला तपकिरी, दुसऱ्या कडेला शाईसारखा काळा. मग त्यातून पाणी यायला लागलं. परळला टाटात तुकडा तपासला, तेव्हा कळलं की मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर आहे. टाचेचं मांस काढून मांडीची कातडी लावली. आज तो चालतो, पण गोणी उचलत नाही.

आपल्यासारख्या सावळ्या माणसांना त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा फार कमी होतो, हे खरं. पण मेलानोमा झालाच तर बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथे कोण बघतंय?

म्हणून महिन्यातून एकदा सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून खिडकीपाशी बसा. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. पाठ खोलीतल्या जोडीदाराला बघायला सांगा. तिळाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, दर वेळी तेच नाणं. वाढ लगेच कळते.

वर्षानुवर्षं आहे तसाच राहिलेला तीळ सहसा त्रासाचा नसतो. दोन बाजू सारख्या नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, किंवा बदलत चाललाय, यातलं एक जरी दिसलं तरी दाखवा. एकाच नखात उभी काळी रेघ रुंदावत असेल, भाजल्याच्या जुन्या व्रणावर जखम होऊन महिनाभर भरत नसेल, तरीही.

तीळ घालवायला घोड्याचा केस बांधणं, चुना-सोडा लावणं अजिबात नको. जाळलेल्या तिळात डॉक्टरांना तपासायला काही उरत नाही.

वाशीच्या महापालिका रुग्णालयात केसपेपर काढा, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. पुढे गरज पडली तर टाटाचं केंद्र खारघरलाही आहे. चप्पल काढून पाय पुढे करायला लाजू नका, फोटो दाखवा. आणि ‘कुरूप झालंय’ असं आपणहून सांगू नका. डाग कधीपासून आहे, कसा बदलला, तेवढंच सांगा.