ओव्हरऑल झाकून रिसीव्हर तपासा

मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये फ्रँचाइझ मोड असतो, त्यात संघ आपणच चालवायचा. सीझनआधी बहुतेक जण तिथे डेप्थ चार्ट (कोणत्या जागी कोण, कितव्या क्रमांकावर खेळणार याची यादी) उघडतात, पहिल्या तीन रिसीव्हरांसमोर (पास पकडणाऱ्यांसमोर) ८८, ८४, ८१ दिसलं की खूश होऊन पुढे जातात. मग पाचव्या आठवड्यात थर्ड डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) गाडी अडते. ओव्हरऑल हा अनेक गुणांचा गोळाबेरीज आकडा आहे, आणि आर्केटाइपप्रमाणे (खेळाडूच्या साच्याप्रमाणे) त्या बेरजेतलं वजन बदलतं. डीप थ्रेटचा (लांब पळून पास पकडणाऱ्याचा) ८४ आणि स्लॉटवाल्याचा (बाहेरच्या रिसीव्हरच्या आत उभ्या राहणाऱ्याचा) ८४ ही दोन वेगळी माणसं आहेत.

म्हणून आधी कामं ठरवा, नावं नंतर. नियमानुसार स्नॅपच्या वेळी (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होताना) लाइनवर (खेळ सुरू होतो त्या रेषेवर) किमान सात खेळाडू लागतात. त्यामुळे ‘एक्स’ रिसीव्हर लाइनवरच उभा राहतो आणि कॉर्नरबॅकचा (रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूचा) धक्का थेट खातो. त्याच्यासाठी पहिला आकडा रिलीजचा (त्या धक्क्यातून सुटण्याचा). ‘झेड’ एक पाऊल मागे असतो, त्याला मोशनमध्ये (स्नॅपआधी आडवं) हलवता येतं. तिथे रिलीज थोडा कमी असला तरी भागतं, वेग मात्र हवा. स्लॉटला शॉर्ट रूट रनिंग (ठरलेल्या छोट्या मार्गावर नेमकं पळणं), दिशाबदल आणि कॅच इन ट्रॅफिक (गर्दीत पकडणं) बघा, कारण चेंडू हातात येताक्षणी लाइनबॅकर (मधला बचावपटू) अंगावर येतो. नुसतं कॅचिंग मोकळ्यात कामाला येतं, गर्दीत नाही.

उदाहरण घ्या. एकाचा वेग ९५, रिलीज ६८, डीप रूट ७०. दुसऱ्याचा वेग ८९, रिलीज ८८, डीप रूट ८७. एक्सला दुसराच लावा. पहिला प्रेस कव्हरेजमध्ये (बचावपटू अंगाला भिडून रोखतो तेव्हा) लाइनवरच अडकेल आणि त्याचा वेग सुरू व्हायच्या आत तुमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) सॅक झालेला, म्हणजे फेकण्याआधीच पाडलेला असेल. प्रत्यक्षातही तसंच आहे: रिसीव्हर झेवियर वर्दीने २०२४ च्या कंबाइनमध्ये (नवोदितांच्या चाचणीत) ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावून विक्रम केला. दुसरा रिसीव्हर जस्टिन जेफरसनची वेळ ४.४३ होती, तरी मॅडन २४ मध्ये त्याला ९९ ओव्हरऑल मिळाला.

मग क्वार्टरबॅक बघा. हे बरेच जण विसरतात. थ्रो पॉवर आणि डीप अ‍ॅक्युरसी बेताची असेल तर दोन डीप थ्रेट म्हणजे पैशांची नासाडी. त्यापेक्षा शॉर्ट आणि मीडियम रूटवाले घ्या. टाइट एंड (ब्लॉकही करतो, पासही पकडतो) आणि थर्ड डाउनचा रनिंग बॅकही (चेंडू घेऊन धावणारा) याच हिशोबात धरा. टाइट एंडचं रन ब्लॉक (धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणं) कच्चं असेल तर तो मैदानात आला की पास येणार, हे समोरच्याला कळतं.

आता कॅचचा हिशोब. सामन्याला २२ कॅच धरले तर १७ सामन्यांत ३७४ होतात. संघ सोडून गेलेल्या खेळाडूंनी मागच्या वर्षी १२० घेतले असतील, तर जवळपास एक तृतीयांश काम पोरकं झालंय. ते कोणाकडे जाणार, नावानिशी लिहा. सगळं रुकीच्या (पहिल्याच वर्षाच्या खेळाडूच्या) गळ्यात मारू नका. क्वार्टर १५ मिनिटांपेक्षा लहान ठेवत असाल तर हे आकडे त्या मानाने खाली आणा.

प्रॅक्टिस मोडमध्ये प्रत्येकाला प्रेसविरुद्ध दहा स्लँट (छोटे, तिरके) आणि दहा गो (सरळ, लांब) रूट द्या. किती पकडले यापेक्षा चेंडू सुटताना तो किती मोकळा होता ते मोजा. सामने सिम्युलेट करत असाल तर सेव्हची प्रत काढून पूर्ण सीझन तीन-चारदा पळवा. एकाच फेरीवर विसंबू नका, एका दुखापतीने सगळे आकडे वाकडे होतात.

शेवटी पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरला डेप्थ चार्टमधून काढून बघा. बाकीचे एकेक पायरी वर सरकतात आणि तुमचा स्लॉटवाला बाहेर जाऊन उभा राहतो: एक माणूस गेला, दोन जागा बिघडल्या. त्यामुळे कपात करून संघ ५३ जणांवर आणताना पाचवा रिसीव्हर ‘बाकीच्यांत बरा’ म्हणून ठेवू नका. तो एक्सचा बदली असला पाहिजे, ओव्हरऑल ७२ असला तरी चालेल, रिलीज ८० च्या पुढे हवा. सहावी जागा रिटर्नरला (समोरच्याने लाथाडलेला चेंडू झेलून पळणाऱ्याला) द्या, पण त्याचं कॅरिइंग (पळताना चेंडू न सोडणं) तपासून, नाहीतर पंट (तसा लाथाडलेला चेंडू) घेताघेता चेंडूच देऊन बसेल.