ऊसतोड टोळीतील गोरबोली बोलणारे मूल वर्गात आल्यावर

कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की त्यांतील बंजारा मुले जवळच्या शाळेत येतात, आणि घरी गोरबोली बोलणाऱ्या या मुलांना वर्गातील मराठी परकी वाटते. त्यांना मराठी शिकवायलाच हवी. मात्र तिच्या बदल्यात त्यांची घरची भाषा हिरावली जाता कामा नये. अमेरिकेत कार्लाइल येथे १८७९ मध्ये सुरू झालेल्या निवासी शाळेत मूळनिवासी मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात आणि मातृभाषेला बंदी असे. कॅनडातील अशाच शाळांतून दीड लाखाहून अधिक मुले गेली. आपल्या शाळा तशा नाहीत, पण 'नीट बोल' असे सर्वांदेखत दटावून मुलाला गप्प करणे हे त्याच वाटेवरचे पाऊल आहे.

हजेरीपटावर नाव आईवडील सांगतील तसेच लिहावे. उच्चाराला सोपे म्हणून दुसरे देऊ नये. सुरुवातीचे काही आठवडे मुलाने गोरबोलीत दिलेले उत्तर ग्राह्य धरावे, टोळीतीलच थोड्या मोठ्या मुलाकडून त्याचा अर्थ समजून घ्यावा आणि मग तेच वाक्य मराठीत सावकाश म्हणून दाखवावे. भिंतीवरील शब्दतक्त्यात 'आई'शेजारी 'याडी' लिहावे, पुढचे शब्द मुलांनाच विचारावेत आणि गावातल्या मुलांकडूनही ते वाचून घ्यावेत. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण भाषेची चेष्टा शिक्षकांच्या नजरेआड, बाकांवर होते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि घरची भाषा बोलल्याबद्दल अपमान करणे हा मानसिक त्रासच होय.

पालकांना दिवसा शाळेत बोलावल्यास त्यांची मजुरी बुडते. म्हणून टोळी फडातून परतल्यावर कोपीवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जाऊन भेटावे. संत सेवालाल महाराजांची १५ फेब्रुवारीची जयंती गाळप हंगामातच येते. तिचे नियोजन मुलांवर व पालकांवर सोपवावे, केवळ वेशभूषा आणि नाच यांवर भागवू नये.

टोळी गावी परतण्यापूर्वी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला पुढच्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून शाळा देते ते कार्ड) भरून, मुकादमाकडे न देता पालकांच्याच हाती द्यावे, आणि मूल मराठीत काय वाचते व कोणते पाठ त्याला अजून गोरबोलीतून समजवावे लागतात, याची वेगळी नोंद गावच्या शाळेसाठी सोबत जोडावी.