उपरा मल्ल आणि कल्पित युद्धविद्यापीठ: कादंबरी लिहिताना या चुका टाळा

डोंगरकड्यावरचे जुने युद्धविद्यापीठ, तेथे पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलेली सरदार घराण्यांची मुले, आणि एके दिवशी महाद्वारात येऊन उभा राहिलेला माणदेशातल्या एखाद्या वाडीवरचा पोरगा, एवढ्या सूत्रावर एक अद्भुतरम्य कादंबरी उभी राहू शकते. सातारा-सांगलीकडच्या लेखकाला तर तिची सामग्री शोधत फिरावे लागत नाही, कारण गावची तालीम, जत्रेतले कुस्ती मैदान आणि मैदानाच्या दिवशी सकाळपासून कडाडणारी हलगी हे सारे त्याच्या ओळखीचे असते. तरीही या प्रकारच्या लेखनाचे पहिले खर्डे ठरावीक जागी अडतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच असते: लेखक आपली सारी ताकद आखाड्यातल्या झुंजीवर खर्च करतो, आणि त्या आखाड्यापर्यंत कोणी पोहोचायचे हे कोण ठरवते, याचा विचार त्याच्याकडून राहून जातो.

नायक शेवटी राजवंशी निघतो

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. दोनशे पाने ज्याला उपरा म्हणून राबवले, त्याच्या खांद्यावरची खूण पाहून कुलगुरूंचे डोळे पाणावतात आणि तो विद्यापीठाच्या संस्थापकाचाच पणतू निघतो. त्या क्षणी कथेचा मूळ प्रश्न मिटून जातो. बाहेरच्या मुलाला आत जागा मिळेल का, असे विचारत आलेल्या वाचकाला 'तो बाहेरचा नव्हताच' एवढेच उत्तर मिळते, आणि जी व्यवस्था वंशावळ पाहून प्रवेश देत होती तिचेच म्हणणे खरे होते, असे कादंबरी नकळत सांगून बसते.

यावर उपाय म्हणून नायकाच्या वंशाऐवजी त्याच्या प्रवेशाचा हिशेब मांडावा. तो आत कसा आला, कोणाच्या शब्दावर आला, आणि शिकण्याच्या बदल्यात काय देतो? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत आणि श्रम करून शिकत. कल्पित विद्यापीठातही असा एखादा विभाग असू शकेल, जिथली मुले पहाटे सर्वांच्या आधी उठून आखाड्याची माती उकरतात, त्यात तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळतात, आणि घराणेदार मुले मेहनतीला येईपर्यंत निम्मी थकलेली असतात. हा थकवा पुढच्या प्रत्येक झुंजीत मोजला गेला, तर नायकाचे उपरेपण लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रवेशपरीक्षेचे प्रकरण लिहिणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावे. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाली आणि तेथील प्रवेश आजही परीक्षेतून होतो. अशी परीक्षा सर्वांना सारखी असते, परंतु तिची तयारी सर्वांना सारखी परवडत नाही. कादंबरीतल्या प्रवेशाच्या कसोटीत जादुई दगड हातात धरताच तो उजळण्यापेक्षा, ज्या कसोटीचा सराव घराणेदार मुलांनी वर्षभर केलेला आहे आणि नायक ती प्रथमच पाहतो आहे, अशी कसोटी अधिक काही सांगून जाते.

जोड कोण लावतो, हे कोणालाच ठाऊक नसते

स्पर्धेची प्रकरणे कंटाळवाणी होऊ लागली की लेखक झुंजींची संख्या वाढवतो किंवा प्रतिस्पर्ध्यांची शक्ती वाढवत नेतो. दुखणे बहुधा तिथे नसते. झुंजी कोणी ठरवल्या, हे कथेत कुठेच आलेले नसते आणि प्रतिस्पर्धी सोयीसारखे समोर येत राहतात.

आपल्याकडच्या मैदानांचे कामकाज ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. जत्रेच्या मैदानात मोठ्या कुस्त्यांची जोड आधीच ठरते. संयोजक आणि दोन्ही बाजूंचे वस्ताद बसून कोणाची लढत कोणाशी आणि किती इनामावर, हे पक्के करतात. नवख्या मल्लाला मात्र आखाड्यात फिरून आपल्या तोलाचा जोडीदार मिळवावा लागतो, आणि समोरच्याच्या वस्तादाने नकार दिला की त्याला न लढताच घरी जावे लागते. चांगल्या तालमीचा मल्ल पडेल अशी शंका असेल तर ती जोड होऊच दिली जात नाही. उपऱ्या नायकाची पहिली लढाई ही असते: आपल्याशी हात मिळवायला कोणी तयार व्हावे एवढीच. ही एक बाब नीट लिहिली तर झुंज सुरू होण्यापूर्वीचे प्रकरण झुंजीपेक्षा अधिक ताण धरते.

याउलट, विद्यापीठात ठरलेल्या नियमांची गटवार स्पर्धा दाखवायची असेल तर नियमही आधीच ठरवून घ्यावेत. १९६१ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. ही रचना कादंबरीकाराने उसनी घ्यावी इतकी नाट्यमय आहे, कारण दोन वेगळ्या सवयींचे मल्ल एकाच पृष्ठभागावर उतरतात आणि तो पृष्ठभाग त्यांच्यापैकी एकाच्या सवयीचा असतो. अंतिम लढत कशावर घ्यायची हे ठरवणारी सभा एखाद्या प्रकरणात रंगवता येईल. तेथे उपऱ्याच्या बाजूने बोलणारा कोणी आहे की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून राहील.

बाजू मांडणारा माणूस नसला तर काय होते, याचे उदाहरण याच भूमीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. तेथे जपानच्या शोहाची इशीशी प्रदीर्घ लढत झाल्यावर त्यांना लगेचच सोव्हिएत मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती नियमानेच मिळायला हवी होती, परंतु ते ठासून सांगायला भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबा ती लढत हरले, आणि तरीही बँटमवेट गटातील कांस्यपदक, म्हणजेच स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्यांनीच आणले. कोणीही खलनायक नसताना, कोणतेही कारस्थान नसताना, केवळ शेजारी माणूस उभा नसल्यामुळे उपऱ्याचे किती नुकसान होते हे या एका प्रसंगात आहे. काळ्या झग्यातला दुष्ट आचार्य कथेत आणण्यापूर्वी लेखकाने या प्रसंगावर थोडा विचार करावा.

शक्ती फुकट मिळते

ध्यानाला बसलेला नायक तीन पानांत प्राणशक्तीचे दार उघडतो आणि चौथ्या पानावर दहा जणांना उडवतो, असे झाले की पुढील तीनशे पाने वाचण्याचे कारण उरत नाही. अद्भुत शक्ती असावी, पण तिचा खुराक असावा. तालमीतल्या मुलाचे बदाम, दूध आणि तूप यांचा महिन्याचा खर्च शेतकरी बापाला किती जड जातो आणि त्यासाठी घरात काय विकले जाते, हे या भागात नव्याने सांगायला नको. कल्पित शक्तीलाही अशीच किंमत ठेवावी: ती कशावर पोसली जाते, ते कोणाला सहज मिळते आणि नायकासाठी कोण उपाशी राहते.

काळाचा हिशेबही असाच चुकतो. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला आणि संस्थानातल्या शाळांमधून ते नेमाने घालायला लावले. शरीर घडवण्याच्या सर्व देशी पद्धतींमध्ये हा रोजचा नेम गृहीत आहे. जोर, बैठका आणि सपाट्या यांची वर्षे एका परिच्छेदात उरकायला हरकत नाही, मात्र ती गेली आहेत हे शरीरावर दिसले पाहिजे. मातीत घासून जाड झालेले कान आणि कधीच पूर्ण बरा न होणारा गुडघा यांनी ते दिसते. पहिल्या भागात दुखावलेला खांदा तिसऱ्या भागात लेखकाच्या सोयीने बरा झालेला आढळला, तर हस्तलिखित परत वाचताना त्या पानावर खूण करून ठेवावी.

सर्व झुंजी एकसारख्या वाचल्या जातात

हा दोष दुरुस्त करायला तुलनेने सोपा आहे. प्रथम विजय म्हणजे काय हे ठरवावे. मातीवरच्या निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ लागली की कुस्ती संपते. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात, त्यामुळे आघाडीवर असलेला मल्ल वेळ काढू शकतो. या दोन नियमांतून दोन वेगळी माणसे घडतात. त्यानंतर प्रत्येक झुंजीत एकच डाव मध्यभागी ठेवावा. एकेरी पट काढणारा मल्ल समोरच्याचा एक पाय धरून त्याचा तोल काढतो. कलाजंग मारणारा प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला खांद्यांवर उचलतो, आणि उचलता आले नाही तर स्वतःच खाली दबतो. डावातला धोका वाचकाला आधी समजला असेल तर एका वाक्यात झुंज संपवता येते. ढाक, घिस्सा, मोळी, धोबीपछाड अशी नावांची माळ लावून मात्र काहीच साधत नाही. जाणकार वाचक चुका काढतो आणि अजाण वाचक पान उलटतो.

शस्त्रांचेही तसेच. दांडपट्ट्याची मूठ हाताला कोपरापर्यंत झाकते, त्यामुळे मनगट वळवता येत नाही आणि वार खांद्यातून व साऱ्या अंगाच्या फिरकीतून करावा लागतो. पट्टा हाती असलेल्या पात्राला तलवारीसारखे मनगटी हात करायला लावू नयेत.

धुक्यातले परके शिखर

ढगांत तरंगणारी टोकदार शिखरे आणि बांबूची बने येथे शोभत नाहीत. सह्याद्री सपाट माथ्याचा आहे, त्यावर पाण्याची टाकी खोदलेली असतात आणि उन्हाळ्यात त्यांतल्या पाण्यावरूनच भांडणे होतात. साताऱ्याजवळ लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला महाल आहे. जमिनीखालचा गुप्त आखाडा हवा असेल तर नमुना तेथे पाहून यावा. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढते आणि सांगलीकरांचे लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे लागते. स्पर्धेची तिथी अशा ऋतूत धरली तर नायक मैदानापर्यंत पोहोचतो का, हाच प्रश्न होऊ शकतो.

पात्रांच्या बोलण्यात 'मास्टर' किंवा 'सेन्सेई' येऊ देऊ नये. तालमीत वस्तादांशी कोणी मान वर करून बोलत नाही आणि त्यांना एकेरी हाक तर मुळीच मारत नाही. मुले मात्र आपसांत 'काय पैलवान' म्हणूनच सुरुवात करतात.

नायिका असेल तेव्हा

उपरी व्यक्ती मुलगी असेल तर तिला पुरुषवेशात आत नेण्याची युक्ती लेखकाला लगेच सुचते, आणि ती सहसा टाळावी. वेश उघडा पडेल का, या एकाच रहस्यावर कथा अडकते आणि तिचे शिकणे मागे पडते. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. म्हणजे उघडपणे लढणारी नायिका वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. तिच्या अडचणी अधिक साध्या असतात. सरावाला तिच्या वजनाची जोडीदार आहे का, नसेल तर ती मुलांबरोबर सरावाची कुस्ती धरते का, आणि मुलाला पाडले तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा, किंवा त्याचा बाप, तिला तालमीत येऊ देतो का? विद्यापीठात मुलींचा एकच निवास असेल, त्यात सरदारांच्या चार मुली आधीच राहत असतील आणि त्यांच्यापैकी एकीशीच नायिकेची अंतिम जोड ठरली असेल, तर रात्रीचे जेवण कोण वाढते आणि कोण कोणाशी बोलत नाही, एवढ्यावर एक प्रकरण निभावून नेता येते.