सेन्सर ‘जॉइन’ होईपर्यंत वावरात नेऊ नका

ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षवाल्यांचे फोन सुरू होतात. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर घेतलाय, तारा जोडल्यात, दिवाही लागतो, पण मोबाइलवर काही येत नाही. व्हिडिओ कोणता पाहिला हे मी आता विचारतही नाही. सगळ्या व्हिडिओंमध्ये वीस मिनिटं डाग देणं दाखवतात आणि शेवटी एका वाक्यात सांगतात, ‘आता हे आपोआप नेटवर्कला जोडलं जाईल.’ आपोआप काहीही जोडलं जात नाही. खरं काम तिथूनच सुरू होतं, म्हणून या लेखाचा निम्मा भाग त्या एका वाक्यावर आहे.

वायफाय घराच्या ओट्यापलीकडे टिकत नाही. प्रत्येक सेन्सरला सिमकार्ड लावलं तर रिचार्ज भरता भरता जीव जाईल. म्हणून लोराव्हॅन, म्हणजे थोड्या विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारं रेडिओचं नेटवर्क. मी वापरतो ते सामान असं: ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम चालवणारा), आरएफएम९५ रेडिओ, कपॅसिटिव्ह सेन्सर, बोर्डाला लोराव्हॅन बोलायला लावणारी एमसीसीआयची एलएमआयसी लायब्ररी आणि सर्व्हर म्हणून द थिंग्ज नेटवर्क. त्याऐवजी चर्पस्टॅक हा सर्व्हर स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तरी जॉइनचं, म्हणजे नेटवर्कला जोडलं जाण्याचं, गणित हेच.

१. जोडणी

दोन खिळ्यांसारखे दांडे असलेला स्वस्त सेन्सर घेऊ नका. त्यातून वीज थेट मातीत जाते आणि दांडे गंजून झिजतात. कपॅसिटिव्ह पट्टी घ्या, तिच्या कापलेल्या कडांना एपॉक्सी किंवा चक्क नेलपॉलिश लावा, कारण पाणी तिथूनच शिरतं. सेन्सरची तार ईएसपी३२च्या ३२ ते ३९ यांपैकी एका पिनवर द्या. बाकीच्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत आणि पुढे कधी वायफाय लावलंत की डोकं खाजवत बसाल.

रेडिओ ८६८ मेगाहर्ट्झचा घ्या, आपला ८६५-८६७चा पट्टा त्यावरच चालतो. ४३३चा दिसायला तसाच असतो, दुकानदार तोही देईल. आणि अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका. अँटेनाविना प्रक्षेपण केलं तर रेडिओ जळू शकतो.

२. गेटवे

सेन्सरची हाक रेडिओवर ऐकून इंटरनेटवरून सर्व्हरला पोचवणारा डबा म्हणजे गेटवे. तो आठ चॅनेलचाच घ्या. एका चॅनेलचा जुगाडू गेटवे लोराव्हॅनच्या नियमात बसत नाही आणि त्याच्यामुळे जॉइन का होत नाही हे शोधण्यात आठवडा जातो. गेटवे घराच्या गच्चीवर, इन्व्हर्टरच्या लाइनीवर ठेवा. मोटारीच्या शेडमधली शेतीची वीज आठ तास असते, उरलेले सोळा तास सेन्सर भिंतीशी बोलेल.

३. सर्व्हरवर नोंद

गेटवे आणि उपकरण, दोन्हींसाठी ‘इंडिया ८६५-८६७’ हाच फ्रिक्वेन्सी प्लॅन निवडा. युरोपचा ८६८ ‘जवळपास सारखाच’ आहे असं सांगणारे भेटतील. सारखा नाही. आपले ठरलेले तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ; युरोपचे ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकूच येत नाही.

लोराव्हॅनची आवृत्ती विचारली की १.०.३ द्या. यादीत सर्वांत नवी दिसते म्हणून १.०.४ किंवा १.१ निवडू नका. का ते खाली येतंच. पद्धत ओटीएए, म्हणजे हवेतून जॉइन होण्याची. डेव्हइयूआय (उपकरणाचा क्रमांक) आणि ॲपकी (गुप्त किल्ली) सर्व्हरकडूनच तयार करून घ्या. जॉइनइयूआय हा तिसरा क्रमांक (जॉइन सर्व्हरचा), त्याच्या जागी सोळाच्या सोळा शून्यं टाका. ही माझी जुनी युक्ती आहे: प्रोग्राममध्ये हे क्रमांक उलटे लिहावे लागतात (ते पुढे येईलच), पण शून्यं उलटी लिहिली तरी शून्यंच राहतात, म्हणजे एक घोळ आपसूक कमी.

४. जॉइन

इथे मी एकदा दोन दिवस घालवलेत. दिंडोरी तालुक्यातली एक पॅकिंग शेड, मालक दर तासाला चहा पाठवायचा आणि दर चहाबरोबर ‘झालं का?’ विचारायचा. तिसऱ्या दिवशी कारण सापडलं आणि ते इतकं क्षुल्लक होतं की मालकाला सांगितलंच नाही. तेव्हापासूनचा माझा नियम: घरात, टेबलावर, जॉइन झालेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सेन्सर वावरात जात नाही. उन्हात, लॅपटॉपच्या काळ्या पडलेल्या पडद्यावर लॉग वाचणं हे शिक्षेचं काम आहे.

आधी जॉइनमध्ये काय घडतं ते समजून घ्या. सेन्सर ‘मला आत घ्या’ अशी हाक देतो. गेटवे ती सर्व्हरला पोचवतो. सर्व्हर किल्ली तपासून ‘ये’ म्हणतो. हा ‘ये’ सेन्सरला वाटेल तेव्हा ऐकू येत नाही. हाक संपल्यापासून बरोबर पाचव्या सेकंदाला तो क्षणभर कान उघडतो, तिथे काही आलं नाही तर सहाव्या सेकंदाला पुन्हा एकदा, या वेळी ८६६.५५ मेगाहर्ट्झवर. मग कान बंद. सगळे लोक सेन्सरच्या बोलण्यावर मेहनत घेतात. अडतं ऐकण्यात.

आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा: सर्व्हरवर गेटवेचा लाइव्ह लॉग आणि उपकरणाचा लाइव्ह लॉग. बोर्ड काय म्हणतो ते दाखवणारा सिरियल मॉनिटर तिसरा. या तिघांत काय दिसतं त्यावरून रोग कळतो. हे न पाहता प्रोग्राममध्ये बदल करत सुटणारे लोक पाहिले की मला ताप पाहण्याआधी इंजेक्शन देणारा डॉक्टर आठवतो.

गेटवेच्या लॉगमध्ये काहीच नाही, तर हाक गेटवेपर्यंत पोचलीच नाही. नव्वद टक्के वेळा कारण लायब्ररी असते. एलएमआयसी मूळ रूपात अमेरिकेच्या ९१५ बँडवर ठेवलेली येते. तिच्या प्रोजेक्ट कॉन्फिग फाइलमधली यूएस९१५ची ओळ बंद करून आयएन८६६ची चालू करावी लागते. तिथे ८६६ लिहिलेलं असतं, सर्व्हरवर ८६५. दोन्ही एकच, गोंधळू नका. आणि लायब्ररी अपडेट केली की ती फाइल पुन्हा मूळ पदावर येते. हे मी तीनदा विसरलोय.

गेटवेच्या लॉगमध्ये हाक दिसते, पण उपकरणाचं पान कोरं, तर सर्व्हरला हा कोण ते ओळखता आलेलं नाही. हाकेतला डेव्हइयूआय नीट वाचा. द थिंग्ज नेटवर्कने दिलेला क्रमांक ‘७०बी३’ने सुरू होतो. लॉगमध्ये तेच ‘बी३७०’ होऊन शेवटी गेलेलं दिसलं तर तुम्ही बाइट सुलटे लिहिलेत. हो, सुलटे लिहिणं हीच इथली चूक. एलएमआयसीला डेव्हइयूआय आणि जॉइनइयूआय दोन-दोन अक्षरांच्या जोड्या करून शेवटाकडून सुरुवातीकडे हवे असतात: ०१ २३ ४५ ६७ असेल तर ६७ ४५ २३ ०१. ॲपकी मात्र आहे तशीच, सरळ. तीनपैकी दोन उलटे आणि एक सुलटी. असं का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या वेबपानावर, क्रमांकाशेजारी बाइटक्रम उलटवायचं बटण आहे, ते वापरा. हाताने उलटवाल तर कुठेतरी एक जोडी चुकेलच.

उपकरणाच्या पानावर लाल ओळ आली, तर ती वाचा. एमआयसी (किल्लीने केलेली सही) जुळत नाही असं म्हणत असेल तर ॲपकी चुकली, बहुधा तीही उत्साहात उलटी केलीत. डेव्हनॉन्सची तक्रार असेल तर आवृत्ती चुकली. डेव्हनॉन्स म्हणजे प्रत्येक हाकेला दिलेला क्रमांक. १.०.३ पर्यंत तो कोणताही चालतो, फक्त आधी वापरलेला नको. १.०.४ पासून तो दर वेळी वाढताच हवा. आपला बोर्ड बॅटरी काढली की मागचा क्रमांक विसरतो आणि कुठलातरी नवा घेतो, म्हणून १.०.४ला सर्व्हर त्याला दारातून हाकलतो. गंमत म्हणजे पहिल्यांदा जॉइन होतं. बॅटरी बदलल्यावर होत नाही. तोवर सेन्सर खांबावर चढलेला असतो.

आता माझा दोन दिवसांचा रोग. उपकरणाच्या पानावर हाक दिसते, स्वीकारल्याची ओळही दिसते, सर्व्हर ‘ये’ पाठवतो, आणि सिरियल मॉनिटरवर बोर्ड म्हणतो उत्तर आलं नाही. पुन्हा हाक, पुन्हा ‘ये’, पुन्हा नाही. इथे या क्रमाने पाहा.

पहिलं, सेन्सर गेटवेच्या शेजारी ठेवून चाचणी घेताय का? कानाशी लावून कर्णा वाजवल्यासारखं होतं, रेडिओ भांबावतो. दोन भिंती मधे ठेवा, दुसऱ्या खोलीत जा.

दुसरं, रेडिओची डीआयओ-१ ही तार. बऱ्याच चित्रांत फक्त डीआयओ-० दाखवतात आणि ‘एवढी पुरे’ म्हणतात. पुरत नाही. ऐकण्याची खिडकी, म्हणजे पाचव्या-सहाव्या सेकंदाला उघडलेला कान, काही न येता बंद झाली, हे लायब्ररीला डीआयओ-१ वरून कळतं. ती नसेल तर पहिल्या खिडकीतच बोर्ड अडकून बसतो.

तिसरं, प्रोग्राममधला डिले. हाच माझा अपराध. वाचन स्थिर यावं म्हणून मी मुख्य लूपमध्ये सेन्सर दहा वेळा वाचत होतो, मधे एकेक सेकंदाचा डिले, मग सरासरी. म्हणजे पाचव्या आणि सहाव्या सेकंदाला रेडिओचे कान उघडायची वेळ झाली तेव्हा माझा बोर्ड इमाने इतबारे ओलावा मोजत बसलेला! मुख्य लूपमध्ये रनलूपवन्सच्या (लायब्ररीला तिचं काम करू देणाऱ्या) ओळीशिवाय काही नको. वाचन पाठवायच्या क्षणाआधी करा, मिलिसेकंदांत उरका, आणि जॉइन होईपर्यंत तर सेन्सरला हातही लावू नका.

हे तीन तपासल्यावरही अडलं तरच लायब्ररीला सांगायची घड्याळाची चूक वाढवून ऐकण्याची खिडकी रुंद करा. लोक हा उपाय सर्वांत आधी सांगतात. ईएसपी३२च्या घड्याळात सहसा एवढी खोट नसते. रोग वेगळा असतो आणि रुंद खिडकी तो फक्त झाकते.

जॉइन झाल्यावर एक काम लगेच करा. बोर्ड गाढ झोपेतून उठला की सगळं विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारतो. जॉइनमध्ये मिळालेली सत्राची माहिती आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या) ठेवा. दर तासाला नव्याने जॉइन होणारा सेन्सर बॅटरी खातो आणि शेजाऱ्यांची हवाही अडवतो.

५. किती पाठवायचं, किती वेळाने

मजकूर पाठवू नका. ‘ओलावा=४२’ असं लिहून पाठवणारे प्रोग्राम पाहिलेत. ओलावा दोन बाइट, तापमान दोन, बॅटरी दोन, संपलं. सर्व्हरवर चार ओळींचा डीकोडर त्याचे आकडे करतो.

द थिंग्ज नेटवर्कच्या मोफत सेवेत एका उपकरणाला दिवसाला ३० सेकंद हवेत बोलण्याची मुभा आहे. दहा बाइटांचं पाकीट एसएफ१२ वर (सर्वांत सावकाश, पण सर्वांत लांब पोचणारा वेग) जवळपास दीड सेकंद घेतं. तासाला एक म्हटलं तरी ३६ सेकंद होतात, मर्यादा मोडली. तेच एसएफ९ वर सुमारे ०.२ सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाला एक पाठवलं तरी दिवसाचे दहा. एडीआर, म्हणजे सर्व्हरने हा वेग आपणहून ठरवणं, चालू ठेवा. दर मिनिटाला आकडा हवा म्हणणाऱ्याला मी विचारतो, दर मिनिटाला ठिबक चालू-बंद करणार आहात का?

६. एमक्यूटीटी

सर्व्हरवरचे आकडे घरच्या संगणकावर किंवा मोबाइलवर आणण्याची ही पद्धत. हे सोपं आहे. पत्ता आणि वापरकर्त्याचं नाव कन्सोलवर एमक्यूटीटीच्या पानावर आयतं मिळतं, पासवर्ड म्हणजे तिथे बनवलेली एपीआय की. ती एकदाच दिसते, आधी उतरवून घ्या. पोर्ट ८८८३ वापरा. १८८३ वरून की उघडी जाते. टॉपिकमध्ये (कोणते आकडे हवेत ते सांगणाऱ्या ओळीत) उपकरणाच्या नावाऐवजी अधिकचं चिन्ह टाकलं की सगळे सेन्सर एकाच ठिकाणी दिसतात. घरच्या संगणकाला आणि मोबाइलला एकच क्लायंट आयडी देऊ नका, दोघं एकमेकांना बाहेर ढकलत राहतील. आणि संगणक बंद असताना आलेले आकडे नंतर मिळतील अशी आशा ठेवू नका.

७. माती

आता वावरात जा. पट्टी हवेत धरून शून्य आणि पाण्यात बुडवून शंभर टक्के, ही पद्धत कुंडीला ठीक आहे. काळ्या जमिनीत मी वाफशाला धरून चालतो. भरपूर पाणी द्या, दीड-दोन दिवसांनी मूठभर माती हातात घेऊन वाफसा आल्याची खात्री करा, त्या वेळचा आकडा लिहून ठेवा. पुढे सगळी तुलना त्याच्याशी. या पट्टीचा आकडा माती सुकली की वाढतो, उलटा असतो. बिघडला समजून परत करू नका.

पट्टी कोरड्या मातीत ठोकू नका. त्याच मातीचा पातळ चिखल करून खड्ड्यात ओता आणि त्यात बसवा. काळी जमीन सुकली की भेगाळते, पट्टीशेजारी हवा शिरते आणि सेन्सर वाळवंट दाखवतो. आकडा एका दुपारीत अचानक उसळला तर मोटार सुरू करण्याआधी भेग पाहून या.

अँटेना मांडवाच्या वर काढा. छाटणीनंतरच्या उघड्या बागेत सिग्नल छान दिसतो, त्यावर विसंबू नका. पानं भरली आणि दव पडलं की तो उतरतो. सेन्सर बसवताना सर्व्हरवर एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) उणे पाचच्या आसपास दिसत असेल तर तेव्हाच अँटेना अजून मीटरभर वर घ्या. डब्याच्या झाकणावर डेव्हइयूआयची शेवटची चार अक्षरं पक्क्या शाईने लिहा. आतून नको, बाहेरून. पाच सारखे डबे बागेत लागल्यावर कोणता गप्प झालाय हे लॉग सांगतो, पण तो कोणत्या ओळीत आहे हे सांगत नाही.