कारखाना हलतोय, शिफ्ट बदलतेय, नवं सॉफ्टवेअर येतंय? टीम सांभाळणाऱ्यांनो, या चुका टाळा

भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीतून चाकणला जाणारे कारखाने पुण्याला आता नवे नाहीत. बजाज तिथे आधीपासून होती, फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राही आली. गाडीवाल्यांच्या मागे सुटे भाग पुरवणारे गेले आणि अजून जाताहेत. मशिनं हलवायचं वेळापत्रक तासातासाचं असतं. क्रेन कधी येणार, फाउंडेशन कधी वाळणार, ट्रायल कोणत्या दिवशी, सगळं लिहिलेलं असतं. त्या मशिनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला काय, कधी आणि कोणी सांगायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेलं नसतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हा लेख मधल्या माणसांसाठी आहे. म्हणजे शिफ्ट इनचार्ज, लाइन सुपरवायझर, विभागप्रमुख आणि पन्नास-साठ माणसांचा कारखाना स्वतः चालवणारा मालक. उदाहरण स्थलांतराचं घेतलंय, पण ईआरपी (साठा, खरेदी, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) येणार असो, शिफ्टच्या वेळा बदलणार असोत की दोन विभाग एकत्र होणार असोत, चुका त्याच होतात.

"सगळं पक्कं झालं की एकदाच सांगू"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती चांगल्या हेतूने होते. अर्धवट सांगून माणसं घाबरवायची कशाला, असं वरिष्ठांना वाटतं. कुशल ऑपरेटर आधीच दुसरीकडे जातील, ही धास्तीही असते. पण बातमी तुमच्या सांगण्याची वाट बघत नाही. नव्या जागेचं काम घेतलेला ठेकेदार, कँटीनवाला, गेटवरचा सिक्युरिटी, मालाच्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळ्यांना ती तुमच्या आधी कळलेली असते. तुम्ही गप्प राहिलात की चहाच्या टपरीवर बाकीचं जोडलं जातं: "जुने पर्मनंट काढणार", "तिकडे सगळे ट्रेनीच घेणार". दोन आठवड्यांत ही ऐकीव गोष्ट इतकी पक्की होते की नंतर तुम्ही खरं सांगितलं तरी ते खोटं वाटतं.

उपाय सोपा आहे, पण तो करायला धीर लागतो. जे ठरलंय ते ठरलंय म्हणून सांगा, जे ठरलेलं नाही ते ठरलेलं नाही म्हणून सांगा, आणि पुढचं कधी सांगणार त्याची तारीख द्या. साधारण असं:

"प्रेस शॉप चाकणला जातंय, हे ठरलंय. दिवाळीनंतर जाईल. टूल रूमचं अजून ठरलेलं नाही. बस कुठून सुटणार आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जायची सोय काय, यावर बोलणी चालू आहेत. पुढच्या सोमवारी शिफ्ट सुरू होताना मी परत इथेच उभा राहीन आणि तोवर जे कळलं असेल ते सांगेन."

सोमवारी काही नवीन नसलं तरी उभं राहायचं. "अजून ठरलेलं नाही, पुढच्या सोमवारी परत येतो," एवढंच सांगायचं. ही एक वेळ पाळली की माणसं टपरीवरच्या बातमीपेक्षा सोमवारची वाट बघू लागतात. हा फरक मी स्वतः पाहिलेला आहे.

काही गोष्टी खरोखरच सांगता येत नाहीत. जागेचा व्यवहार, ग्राहकाशी चाललेली दराची बोलणी. तेव्हा "याबद्दल मला आत्ता बोलता येणार नाही" असं सरळ म्हणा. माणसं ते समजून घेतात. माहीत असून "मला काही माहीत नाही" म्हटलेलं मात्र ती विसरत नाहीत.

"नोटीस लावली की, बोर्डावर"

कायद्याने नोटीस लागतेच. कामगारांच्या शिफ्ट, मजुरी, सुट्ट्या अशा ठरावीक सेवाशर्तींत बदल करायचा असेल, तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये २१ दिवसांच्या नोटिशीची तरतूद होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. नोटीस काढा, नीट काढा, युनियन असेल तर कमिटीला आधी भेटा. पण ती नोटीस वकिलाने तपासलेल्या भाषेत असते. तिच्यात बसचा पहिला थांबा कुठला, हे नसतं. मुलाची शाळा मोशीत असलेल्या ऑपरेटरला नेमकं तेच हवं असतं.

बऱ्याच ठिकाणी ही नोटीस इंग्रजीत असते. लाइनवर बीडचा मुलगा, बिहारचा मुलगा आणि ओडिशाचा मुलगा शेजारी शेजारी उभे असतात. त्यांना ती कोण वाचून दाखवणार? मराठी आणि हिंदी प्रत लावायला खर्च येत नाही. कंत्राटी कामगारांना तर अनेकदा कोणी काही सांगतच नाही, "ते ठेकेदाराचं काम" म्हणून. पण बदलानंतर पहिला माल त्यांच्याच हातून निघणार असतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज आठवणीसाठी ठीक आहे. पहिल्यांदा कळवायला तो वापरू नका. रात्री साडेदहाला आलेल्या दोन ओळींचा अर्थ प्रत्येक जण आपल्या भीतीप्रमाणे लावतो.

तीन शिफ्ट असतील तर तिन्हींना एकाच दिवशी, शक्यतो एकाच माणसाने सांगावं. फर्स्ट शिफ्टला मॅनेजरने सांगितलं, सेकंडला सुपरवायझरने आणि थर्डला कोणीच नाही, की तीन वेगवेगळ्या गोष्टी तयार झाल्याच. थर्ड शिफ्टला जायला जिवावर येतं, पण तिथे साहेब स्वतः गेला तर त्याची दखल बाकीच्या दोन्ही शिफ्ट घेतात. रोज टूलबॉक्स टॉक (काम सुरू होण्याआधी लाइनवरच होणारं छोटं बोलणं) होत असेल तर तीच जागा वापरा. सांगून झालं की "समजलं ना?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "घरी गेल्यावर वहिनींना काय सांगणार, ते मला सांगा," असं एखाद्याला विचारा. कुठे गफलत झालीय ते लगेच कळतं.

वाईट बातमी गोड बोलण्यात बुडवणे

जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीफन एलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लांबलचक पत्र पाठवलं. सुरुवात हलक्याफुलक्या अभिवादनाने, मग उत्पादनं, धोरण, दिशा. मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या नोकियाच्या फोन व्यवसायातून आलेल्या साडेबारा हजार माणसांच्या नोकऱ्या जाणार, ही गोष्ट बऱ्याच खाली. त्या पत्रावर जगभर टीका झाली. बातमी वाईट असेल तर ती पहिल्या दोन वाक्यांत सांगा, कारणं नंतर. "वाढत्या स्पर्धेला सामोरं जाण्यासाठी" अशी प्रस्तावना सुरू झाली की ऐकणाऱ्याचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: माझं काय? त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकी काही कानात शिरत नाही.

"मलाही पटत नाही, पण वरून आलंय"

सुपरवायझरच्या जागेवरून पडणारं हे सगळ्यात सोपं वाक्य. माणसं आपली आहेत, रोज सोबत डबा खातो, त्यांच्यासमोर वाईट दिसायचं नसतं. म्हणून निर्णयापासून अंग काढून घेतलं जातं. त्या दिवशी बरं वाटतं. पण नंतर बघा. तुम्हालाच पटलेलं नसेल तर त्यांनी का ऐकावं? आणि उद्या ओव्हरटाइमचा किंवा सुट्टीचा प्रश्न घेऊन ते तुमच्याकडे का यावेत? तुमच्या हातात काही नाही, हे तुम्हीच सांगून बसला आहात.

याचं दुसरं टोकही तितकंच वाईट आहे. स्वतःला शंका असताना "एकदम मस्त निर्णय, सगळ्यांचं भलं होणार" असं पोपटासारखं बोलणं. वर्षानुवर्षं तुमच्यासोबत काम केलेला माणूस तुमचा चेहरा वाचतो. तुमचं मन बोलण्यात नाही, हे त्याला पहिल्या मिनिटात कळतं.

मग मधल्या माणसाने करायचं काय? भांडण वर करायचं, आणि आधी करायचं. निर्णय पक्का होण्याआधी आपल्या लोकांच्या अडचणी लिहून न्यायच्या, आकड्यांसह: सेकंड शिफ्टला किती जण, त्यातले किती भोसरीच्या पलीकडून येतात, किती जणांकडे स्वतःची गाडी नाही. "लोक नाराज आहेत" या वाक्यावर वर कोणी हलत नाही. "सेकंड शिफ्टच्या एवढ्या माणसांना रात्री परत जायला साधन नाही, बस दिली नाही तर ही लाइन चालणार नाही" यावर हलतात. आणि खाली येऊन म्हणायचं:

"मी बसचं आणि रात्रपाळीचं वर मांडलं. बस मान्य झाली. वेळ बदलून मागितली होती, ती मान्य झाली नाही, कारण ग्राहकाची गाडी सकाळी सहाला लागते. निर्णय झालाय आणि तो नीट राबवणं माझं काम आहे. अडचण आली तर माझ्याकडे या."

यात खोटं काही नाही, अंग काढून घेणंही नाही. तुम्ही काय मागितलं, काय मिळालं, काय मिळालं नाही आणि का, हे त्यांना कळलं. यावर चिडणारे चिडतील. चिडू द्या, तो त्यांचा हक्क आहे. तुमच्यावरचा त्यांचा भरवसा मात्र टिकतो.

अडचण सांगणाऱ्यालाच झापणे

ॲलन मुलाली २००६ मध्ये विमानं बनवणाऱ्या बोईंगमधून फोर्ड या मोटार कंपनीत प्रमुख म्हणून गेले. त्यांनी दर आठवड्याला बैठक सुरू केली आणि प्रत्येक कामासाठी हिरवा, पिवळा, लाल असे रंग ठरवले: हिरवा म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे अडचण. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, तरी बैठकीत सगळे तक्ते हिरवे येत होते. शेवटी फोर्डचेच एक वरिष्ठ अधिकारी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या मागच्या दारातल्या दोषामुळे लाल रंग दाखवला. खोलीत शांतता पसरली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला मदत कोण करू शकेल, असं विचारलं. पुढच्या बैठकांमध्ये इतरांचे लाल-पिवळे तक्ते येऊ लागले.

आपल्याकडच्या सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंग आठवून बघा. ज्याने रिजेक्शन (नापास माल) वाढल्याचं सांगितलं त्यालाच सगळ्यांसमोर वीस मिनिटं उभं केलं, तर दुसऱ्या दिवसापासून आकडे सुधारतात. माल सुधारत नाही. नव्या जागेतल्या पहिल्या महिन्यात हे फार धोक्याचं, कारण त्या महिन्यात चुका होणारच आणि त्या लवकर कळायला हव्यात.

सतीश धवन यांचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेलं एसएलव्ही-३ हे उपग्रह नेणारं रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पसंचालक होते अब्दुल कलाम. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थेचे प्रमुख म्हणून घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी पत्रकार परिषद कलामांना घ्यायला लावली. कलाम हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगत राहिले. शिफ्ट इनचार्जलाही हे करता येतं. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये त्रुटी निघाली तर स्वतः पुढे व्हा, आणि शून्य तक्रारींचा महिना गेला की लाइनच्या माणसाला वरच्या साहेबांसमोर बोलू द्या.

"आपण सगळे एक कुटुंब आहोत"

जपून म्हणा, किंवा म्हणूच नका. कुटुंबातून कोणाला करार संपला म्हणून काढत नाहीत. हे वाक्य वार्षिक कार्यक्रमात ऐकलेला माणूस कंत्राट संपलं की ते आठवतो. पाळता येईल तेवढंच बोला: पगार ठरल्या तारखेला होईल, बदलाची खबर आधी मिळेल, तक्रार केली म्हणून त्रास होणार नाही.

तसंच, मोकळेपणा म्हणजे स्वतःची सगळी काळजी टीमवर ओतणं नव्हे. "माझी पण नोकरी राहते की नाही देव जाणे" हे घरी बोला, मित्राशी बोला.

चूक होऊन गेलीय, आता काय?

काही खुणा ओळखून ठेवा. नवीन ईआरपी सुरू होऊन महिना झाला आणि स्टोअरकीपरच्या ड्रॉवरमध्ये जुनी वही अजून चालू आहे, तर त्याला नव्या पद्धतीवर विश्वास नाही किंवा ती त्याचं काम वाढवतेय. वही हिसकावू नका. त्याच्याशेजारी अर्धा दिवस बसा. बहुतेक वेळा एखादी नोंद सिस्टीममध्ये सुटलेली असते, जी वहीत होती. ती आधी जोडून घ्या. मग वही बंद करायची तारीख त्याच्याशी बोलून ठरवा.

प्रश्न येणं अचानक थांबलं, तर त्याला संमती समजू नका. सूचना पेटी रिकामी, मीटिंगमध्ये सगळे खाली बघतात, उत्पादन मात्र हळूहळू उतरतंय. अशा वेळी मोठी सभा बोलावून काही होत नाही. तीन-चार जणांना, त्यातला एक नक्की नाराज असलेला, मशिनपाशीच भेटा आणि काय चुकलं ते विचारा. मध्ये बोलू नका, समर्थन देऊ नका, लिहून घ्या. त्यातली एक गोष्ट आठवड्याच्या आत दुरुस्त करा, मग ती पिण्याच्या पाण्याची का असेना.

आधी दिलेला शब्द फिरला असेल तर तोही जिथे दिला तिथेच, त्याच लोकांसमोर मागे घ्या: "बस एक तारखेपासून म्हणालो होतो, आता पंधरापासून मिळेल. तोवर सेकंड शिफ्टसाठी दोन गाड्या ठरवल्यात." शब्द फिरल्याचं सांगताना मधल्या दिवसांची सोयही सांगायची.

आणि चांगला ऑपरेटर अनुभवाचं प्रमाणपत्र मागायला आला, तर एचआरकडे पाठवून मोकळे होऊ नका. खुर्ची द्या, "कशामुळे?" एवढंच विचारा आणि ऐकून घ्या. कधी कारण पगाराचं निघतं, कधी आईच्या डायलिसिसच्या वेळेचं. दुसरं असेल तर शिफ्ट बदलून देणं तुमच्या हातात आहे, त्याच दिवशी. पगाराचं असेल आणि तुमच्या हातात नसेल तर तसं सांगा, प्रमाणपत्र वेळेवर मिळेल हे बघा, आणि त्याच्या मशिनवर पुढे कोण उभा राहणार हे टीमला दुसऱ्याच दिवशी सांगा.